फाटकावरचा कॅमेरा

मुलांनो, आपल्या आष्ट्याच्या घरासाठी तुम्ही तिकडून कॅमेरे निवडताय असं कळलं, म्हणून हे आत्ताच लिहिते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माझ्या आईने दिलेला तांब्याचा बंब परसातून चोरीला गेला, तेव्हा तुमच्या आजोबांनी कॅमेरा आणला. फौजेतून निवृत्त झालेल्या माझ्या धाकट्या दिरांनी तो फाटकावर उंच बसवला. भिंगही रुंद घेतलं; त्यात अख्खा रस्ता दिसे, पण चेहरे तिळाएवढे.

"भावजी, चोर परसातून आला. कॅमेरा मागच्या दारावर लावा, आणि चेहरा ओळखू येईल असं भिंग घ्या," मी म्हटलं.

"आवं वैनी, पहारा फाटकावरच असतोय. शत्रू काय सैपाकघरातनं येतोय व्हय?"

"आपल्याकडे फाटकातून एकटा पोस्टमन येतो. बाकी सगळं गाव परसातूनच हाक मारत येतं!"

आजोबा नुसते हसले. महिन्याभरात आईचं घंगाळही परसातून गेलं. आम्ही टेप लावून पाहिली, तर रिकामा रस्ता आणि एक शेळी.

"बघा, फाटकातनं कोन न्हाई आलं!" भावजी अभिमानाने म्हणाले.

आईच्या तांब्याच्या भांड्यांपैकी आता एक कळशी तेवढी घरात आहे.