अकरा कॉम्प्युटर, एक वायर

वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर आले तेव्हा ते सांभाळायला कोणीच तयार नव्हतं. बिघडलं तर भरून कोण देणार, म्हणून सगळे मागे सरले, आणि केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये बाटल्या धुण्यात अर्धी नोकरी घालवलेली मी पुढे ढकलली गेले. मला काही म्हणता काही येत नव्हतं. पण येत नाही हे कबूल करायचा माझा स्वभावच नाही. बोरगाव मेघेहून सायकलवर यायचं, दाराबाहेर चपला काढायच्या, मशिनींवरची कापडं उतरवायची आणि पुस्तक उघडून बसायचं, असं करत करत तीन वर्षांत मी त्या खोलीची मालकीण झाले. पोट्टे वचकून असायचे मला. आवडायचं ते, खोटं कशाला बोलू!

दहा मशिनी एकाच काळ्या वायरीने जोडलेल्या होत्या. टीव्हीच्या अँटेनाची असते तशीच दिसायची ती. प्रत्येक मशिनीच्या पाठीला तीन तोंडांचा एक जोड, त्यात एकीकडून वायर यायची आणि दुसरीकडून पुढच्या मशिनीकडे जायची. वायरीच्या दोन्ही टोकांना टोपणं, ती नसली तर काहीच चालत नसे. या वायरीची एकच खोट होती. कुठेही एका जागी बिघडली की सगळी खोली बंद. आणि सगळं काम पहिल्या मशिनीवर चालायचं, प्रिंटरही तिलाच. बाकीच्यांचे फ्लॉपी ड्राइव्ह आमच्या विभागप्रमुख सरांनी व्हायरसच्या धास्तीने काढून कपाटात टाकले होते, म्हणजे वायरीशिवाय इकडचं काही तिकडे नेता येत नसे.

त्या मार्चमध्ये अकरावी मशीन आली. जागा उरली होती फक्त दाराजवळ, पाचवी आणि सहावी यांच्या मधे. टेबल एवढंसं, म्हणून तिचा डबा खाली फरशीवर ठेवला, पाठ उंबऱ्याकडे करून. शनिवारी पूजा मांडली. हळदकुंकू झालं, उदबत्ती झाली, आणि आमचे शिपाई काका नारळ घेऊन पुढे आले. मी म्हटलं, "द्या इकडे, मी फोडते."

"बायाईनं नारळ फोडू नाई, मॅडम."

"काऊन नाई? मशीन मी उतरवली, वायर मी ओढली, अन् नारळ तुम्ही फोडणार?"

हिसकावलाच मी तो. उंबऱ्यावर असा आपटला की एका दणक्यात दोन शकलं. सर म्हणाले वा, पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या, काकांनी मुकाट्याने फरशी पुसली. खोबरं वाटून आम्ही घरी गेलो.

सोमवारी सकाळी मशिनी सुरू केल्या, तर कोणी कोणाला ओळखेना. नेटवर्कची खिडकी उघडली की प्रत्येकीला फक्त स्वतःचंच नाव दिसे. अकराच्या अकरा, सगळ्या एकट्या. आणि मंगळवारी शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल! बाहेरचे परीक्षक येणार, प्रत्येकाचा प्रोग्राम प्रिंटरवर छापून निघणार, त्यावर त्यांची सही होणार. एकट्या पहिल्या मशिनीवर सगळा वर्ग एका दिवसात उरकणं अशक्य, आणि प्रिंट नाही तर परीक्षा नाही.

मी नागपूरच्या इंजिनियरला फोन लावला. तो म्हणाला, परवा येतो. "परवा ये अन् आमच्या तेराव्याच्या पंगतीत बस!" म्हणून मी फोन आदळला. सर तर लगेच तयार झाले. परीक्षा पंधरा दिवस पुढे ढकलू, त्यात काय एवढं, म्हणाले.

तेवढ्यात दारात एक शेतकरी माणूस आला, हातात लग्नाच्या पत्रिका, मागे त्याची मुलगी. मुलगी शेवटच्या वर्षाचीच, समुद्रपूरकडून रोज एसटीने यायची, आणि सगळ्या वर्गात एक तीच मशिनीला घाबरत नसे. गुरुवारी तिचं लग्न होतं. बापाने पत्रिका माझ्या हातात दिली आणि विचारलं, "मॅडम, उद्या होईन ना परीक्षा? सासरचे म्हनते, परीक्षेसाठी एकदा थांबलो, आता थांबत नाई. लगन झालं का ते तिले घेऊन जाईन सुरतले. मंग कायची डिग्री?"

मुलगी माझ्याकडे पाहत होती. "होते म्हणजे? होतेच!" असं मी छातीठोक सांगितलं, आणि ते वळताच खुर्चीत बसकण मारली. आता गं बाई!

मग सुरू झाला माझा तमाशा. नव्या मशिनीवर माझा राग, म्हणून तिचं नेटवर्कचं कार्ड काढून दुसरं घातलं. काही नाही. तिला जोडापासून सोडवून बाजूला सरकवलं आणि जोड तसाच वायरीत राहू दिला. काही नाही. मग उंदरांना शिव्या घातल्या, पोट्ट्यांना उभं करून विचारलं की कोणी पाय मारला, काकांवर खेकसले की झाडू कुठे कुठे फिरवता. दुपार झाली, पंखा गरम वारा फेकत होता, आणि मी त्या बारीक अक्षरांच्या पुस्तकात डोकं खुपसून बसले होते.

शेवटी पुस्तक मिटलं. केमिस्ट्रीत मी काय करत होते? मिश्रण ओळखू येत नसेल तर अर्धं अर्धं करायचं. पाचव्या मशिनीच्या जोडातून पुढे जाणारी वायर सोडवली आणि दूरच्या टोकाचं टोपण काढून तिथे लावलं. पहिल्या पाचही मशिनी एकमेकींना दिसायला लागल्या! मी एकटीच टाळी वाजवली. मग टोपण एक घर पुढे, नव्या मशिनीच्या जोडावर नेलं. सगळ्या गडप. म्हणजे चोर इथेच.

फरशीवर पालथी पडून मी त्या जोडाकडे पाहिलं. लाल मुंग्यांची रांग उंबऱ्यावरून निघून सरळ त्याच्यात शिरत होती. बोट लावलं तर चिकट.

नारळाचं पाणी! माझ्याच नारळाचं!

सकाळपासून ज्यांच्यावर ज्यांच्यावर ओरडले होते, ते सगळे डोळ्यांपुढे उभे राहिले. मागे काका उभे होते. मी म्हटलं, "हसा काका, हसून घ्या."

काका हसले नाहीत. म्हणाले, "बाईमानूस फोडो नाई तं गडीमानूस, मॅडम, पानी वाटीत झेला लागते. मी दरवर्षी झेलतो."

मी उठून चक्क त्यांना हात जोडले. मग जुन्या लॅबमधून स्पिरिटची बाटली आणली, जोड आणि वायरीची दोन्ही तोंडं धुतली, मुंग्या झटकल्या आणि सगळं खिडकीत ठेवलं. वर्ध्याचं मार्चचं ऊन! चहा पिऊन होईस्तोवर खडखडीत वाळलं. जोडलं, टोपण जागेवर लावलं, नेटवर्कची खिडकी उघडली. एक, दोन, चार, नऊ, अकरा! मी अशी ओरडले की वरच्या मजल्यावरचा तास थांबला. काकाही ओरडले. सर धावत आले आणि म्हणाले, मी सांगतच होतो होईल म्हणून. म्हणा बाप्पा, म्हटलं, आज काहीही म्हणा.

मंगळवारी मुलगी आली ती दोन्ही हात मेंदीने भरलेले. परीक्षक एकदा हातांकडे पाहत, एकदा स्क्रीनकडे. तिने प्रोग्राम लिहिला, चालवला, कळ दाबली, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला प्रिंटर करकरत सुरू झाला. मी कागद फाडून परीक्षकांपुढे ठेवला. त्यांनी दोन प्रश्न विचारले, तिने चार उत्तरं दिली, आणि त्यांनी सही केली. माझे डोळे भरून आले, आणि मी ते कोणापासून लपवले नाहीत.

बाहेरच्या बाकावर तिचा बाप सकाळपासून टोपी हातात घेऊन बसला होता. ती दारात गेली, चपला पायात सरकवल्या आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "झाली परीक्षा, बाबा. आता लावा माह्यं लगन."