एकाच पुलाखालून

माझ्या थोरल्या जाऊबाई आपत्ती नियंत्रण कक्षात सव्वीस वर्षं वायरलेसवर होत्या. निरोप दिला की समोरच्याकडून तो परत म्हणवून घ्यायचा, ही कामाची शिस्त त्यांनी घरीही आणली होती. कोथिंबीर आणायला सांगितली तरी भावोजींना "कोथिंबीर, एक जुडी" असं म्हणून दाखवल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नसे.

गेल्या वर्षी कक्षात बंधाऱ्यांची खबर केबलवरून दाखवणारा भिंतभर पडदा आला आणि जुने वायरलेस संच भंगारात काढायचा हुकूम सुटला. एक केबल तुटली तर दुसरी आहेच, असं साहेबांनी बैठकीत सांगितलं.

"साहेब, दोन्ही एकाच पुलाखालून जातात. आमच्या ह्यांनीच टाकल्यात," जाऊबाई म्हणाल्या.

"बाई, नकाशावर दोन रंग दिसतात ना?"

"रंग दोन, साहेब. चर एकच."

सगळे हसले. पडद्याच्या उद्घाटनाला सहा गाड्या आल्या. पुलाखाली वाकून बघायला एक माणूस गेला नाही.

जाऊबाईंनी एक संच कपाटात फायलींमागे ठेवला. बंधाऱ्यावरच्या पहारेकऱ्यालाही त्याचा संच ठेवायला बजावलं. दर सोमवारी दोघं बोलून बघत.

नदी चढली, पूल गेला, पडदा काळा पडला. साहेब मोबाईल हातात धरून या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत फिरत राहिले. जाऊबाईंनी संच काढला. "खालची वस्ती शाळेत हलवा. परत सांगा." पहारेकऱ्याने परत सांगितलं. चारशे माणसं वाचली.

आठवड्याने जाऊबाईंच्या हाती दोन कागद पडले. पहिला, नियमबाह्य संच ठेवल्याबद्दल खुलासा मागणारा. दुसरा अहवाल: 'दुसऱ्या केबलच्या पर्यायी यंत्रणेने चोख काम केले.' यावर सही केली की पहिला कागद मागे घेणार होते. निवृत्तीला दोन महिने उरले होते. निर्लज्जपणालाही काही सीमा असते!

"अगं, करून टाक सही," भावोजी म्हणाले. "पेन्शन अडकवतील. आपला हात दगडाखाली आहे."

"अहो, पूल पुन्हा बांधतील, दोन्ही केबली पुन्हा त्याच चरात टाकतील. तेव्हा कपाट उघडायला मी असणार आहे का?"

मग भावोजींनीच पेन शोधून दिलं.

जाऊबाईंनी अहवालातली ती ओळ खोडली, खाली लिहिलं, 'पर्यायी यंत्रणा बंद होती. दोन्ही केबली एकाच पुलाखाली होत्या,' आणि सही केली. सकाळी कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी वाचला आणि बाजूला सरकवला.

जाऊबाई हलल्या नाहीत.

"साहेब," त्या म्हणाल्या, "परत सांगा."