तीन दोरे आणि कुंडलची उलटी मोटार

अन्याय झाला तो रज्जाकभाई वायरमनवर. चौऱ्याहत्तर सालच्या श्रावणात, पहिल्या सोमवारी, दुपारी अडीच वाजता. कुंडल गावच्या एका वर्कशॉपमधून त्यांना हाकललं. आरोप काय, तर लेथच्या मोटारीच्या तारा मुद्दाम बदलल्या. सकाळी सरळ चाललेली मोटार जेवणाच्या सुट्टीनंतर उलटी फिरली, आट्यांवर बसवलेला, काम पकडणारा जड चक सुटला आणि टर्नर धोंडीरामच्या पायावर पडला. अंगठा चेचला. रज्जाकभाईंनी त्याच लेथला, शॉक बसू नये म्हणून, अर्थिंग मागितलं होतं, ते मिळालं नाही... म्हणून म्हणे डूख धरला.

मी साताऱ्याचा. वायरमनचा कोर्स केलाय, रज्जाकभाईंची ओळख त्याच कामातली. सांगलीत विश्रामबागेत राहतो, आणि भुताखेतांच्या विरोधात पत्रकं वाटतो. आजही वाटतो. तेव्हा पुढचं वाचून कुणी लिंबू-मिरची घेऊन माझ्याकडे येऊ नये.

आठव्या दिवशी सकाळी अकराला मालकांसमोर मी मोटार उघडली. दोष बाहेरून येणाऱ्या विजेच्या लाईनचा निघाला की रज्जाकभाई सुटले, एवढाच बेत. तीन फेजच्या मोटारीचा नियम साधा आहे — कुठल्याही दोन तारांची अदलाबदल करा, दिशा बदलते. मी तारांना लाल, पिवळा, निळा दोरा बांधला. वहीत क्रम लिहिला. पट्टा उतरवला, स्टार्टर दाबला.

उलटी.

लाल-पिवळा बदलला. उलटीच. पिवळा-निळा बदलला... तरी उलटी. तीन तारांचे क्रम सहाच होतात. सहाही करून पाहिले. त्याच लाईनवरची शेजारची पिठाची गिरणी सकाळपासून सरळ चालली होती, तीही बघून आलो. म्हणजे दोष लाईनचाही नव्हता.

"लय शिकलाईस की गड्या," मालक म्हणाले. "आता तुजं पत्रकच गुंडाळ मोटारीला, चालंल."

मी रज्जाकभाईंना घरून घेऊन आलो. ते उंबऱ्याशीच थांबले. धोंडीराम पाय बांधून बाकावर बसला होता.

"आवं भाई, या की आत. तुमी न्हाई केलं, मला ठावं हाय."

"तुला ठावं असून काय उपेग, धोंडीबा? ज्येला ठावं पायजे त्येला न्हाई."

पण आले. तारा सोडल्या, बोल्ट पुसले, पुन्हा जोडल्या. लाल, पिवळा, निळा. माझाच पहिला क्रम. दोरे मी बांधलेले, बोल्ट तेच. स्टार्टर दाबला.

मोटार सरळ फिरली.

मला क्षणभर आनंद झाला. मग मालकांचा आवाज आला, "बगा. ज्यानं बिघडवली त्यालाच जमली." मी वही पुढे केली. "दोरं तुजं, वही तुजी, म्या कशावर इस्वास ठिवू?" म्हणाले, आणि आत गेले.

रस्त्यात मी विचारलं, "भाई, वेगळं काय केलंत?"

"तू केलंस त्येच. मला नगं इचारू रं, मलाबी कळंना."

पत्रकं काढणाऱ्या आमच्या मंडळातले म्हणतात, हे छापू नकोस, आपली बाजू लंगडी पडते. पडू दे. पाहिलेलं लपवून पत्रक काढायचं, तर बुवा-बाबांत आणि आपल्यात फरक काय?

सहा महिने झाले. रात्रंदिवस डोकं खाजवलं, कारण सापडलं नाही. वाचणाऱ्यांत कुणी मोटारीचा जाणकार असेल तर त्यानं कारण सांगावं. नसेल सांगता येत, तर ते मालकांनाही ठाऊक नाही... आणि जे कुणालाच ठाऊक नाही, त्यापायी एका माणसाचं काम गेलंय. येत्या सोमवारी मी कुंडलला जाऊन रज्जाकभाईंना परत घ्या म्हणणार आहे. तुम्ही माझ्याबरोबर उंबऱ्यात उभे राहा.