पंपाच्या यादीतलं नाव

फुकटकाका हे नाव त्यांना मेव्हण्याने ठेवलं, आणि ते असं चिकटलं की बायकोसुद्धा चारचौघांत तेच म्हणायची. का नाही म्हणणार? माणूस पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून दमून येणार, हातपाय धुणार आणि पुन्हा कॉम्प्युटरपुढे ठाण मांडणार, तेही दमडी न घेता! "अहो, जगाची हमाली तुम्हीच का करायची?" ती विचारायची.

हमाली ती अशी. कॉम्प्युटर चालवणारी एक प्रणाली आहे, तिला मालकच नाही. हजारो लोकांनी मिळून लिहिलेली, सगळ्यांसाठी उघडी. वाचा, बदला, वापरा, कोणी हटकणार नाही. फोनमध्ये तीच, बँकेत तीच, चौकातल्या सिग्नलमध्येही तीच. तिच्यातला वेळ मोजणारा एक छोटासा तुकडा काकांचा. एकवीस वर्षं त्यांनी तो पोटच्या पोरासारखा सांभाळला होता.

बायकोच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. खाटेशी औषधाचा पंप लावलेला, थेंब थेंब औषध सोडणारा. त्याच्याच जिवावर तिचा रक्तदाब टिकून होता. दुपारी सिस्टर पंपाची बटणं दाबत होत्या, तर पडद्यावर नावांची लांबलचक यादी उघडली. ज्यांचं ज्यांचं काम पंपाच्या आत होतं, त्या सगळ्यांची. त्यात काकांचं नाव!

"अगं, बघ! मी आहे यात!" काकांची छाती फुगली.

"मग पगार मागा आता," बायको ग्लानीतच पुटपुटली.

मग काकांनी नावापुढचा आकडा वाचला. ती त्यांच्या तुकड्याची चार वर्षांपूर्वीची आवृत्ती होती. तिच्यात चूक होती, आणि ती काकांचीच. यंत्र न थांबता दोनशे अठ्ठेचाळीस दिवस चाललं, की घड्याळ जागच्या जागी अडायचं. चूक सापडली त्याच आठवड्यात त्यांनी दुरुस्त केली, जाहीरही केली. पण पंप बनवणाऱ्यांनी ते वाचायला नको? सगळं उघड्यावर आहे ना, मग कोणीतरी वाचलं असेलच, असं जो तो धरून चाललेला!

"सिस्टर, हा पंप शेवटचा बंद कधी केला होता?"

"बंद? वॉर्ड उघडल्यापासून एकही बंद केला नाही, काका. फार दणकट आहेत हो!"

वॉर्ड उघडल्याची तारीख दाराशी पाटीवर होती. काकांनी बोटांवर हिशोब केला, पुन्हा केला. दोनशे अठ्ठेचाळीस दिवस आजच भरत होते.

"हा बंद करून पुन्हा चालू करा. आत्ता! याच्या आतलं घड्याळ आज अडणार, मग औषधही थांबेल."

"असा कसा बंद करू? आणि बिघडलाच तर ओरडेल की तो."

"नाही ओरडणार! कधी ओरडायचं हेही तो त्याच घड्याळाला विचारतो."

सिस्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी धावत डॉक्टरांना आणलं. डॉक्टर हाताने औषध देत राहिले, सिस्टरांनी पंप बंद केला, चालू केला. रक्तदाब खाली गेला, आणखी खाली गेला, आणि हळूहळू वर आला. काका स्टुलावर टेकले.

"वॉर्ड उघडला तेव्हा आधी कुठला पंप चालू केला होता?" त्यांनी विचारलं. "अगदी पहिला?"

"शेजारचाच. पलीकडच्या आजींचा."

काकांनी उठून मधला पडदा सरकवला. आजींच्या उशाशी त्यांची लेक बसली होती. पंपाचा हिरवा दिवा लागलेला होता, पण त्याच्या पडद्यावरचे आकडे हलत नव्हते. नळीत थेंब पडत नव्हता.

लेकीने ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला ना, काका. आत्ता कुठे शांत झोपलीये."