त्यांच्या जागेवरून

मास्टरच्या डाव्या हाताला बसून बोलायचं नाही, हे अजून माझ्या लक्षात राहत नाही. मी आपला बोलत सुटतो, तो शिलाई मशीनवर मान खाली घालून बसलेला असतो, आणि बऱ्याच वेळाने माझ्या डोक्यात प्रकाश पडतो की या बाजूने त्याला काही ऐकूच जात नाही. मग मी उठतो, स्टूल उचलतो, उजवीकडे जाऊन बसतो आणि सगळं पहिल्यापासून सांगतो. तो हसतो. मला मात्र दरवेळी स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटते.

मास्टर म्हणजे भुसावळातला शिंपी. शाळांचे युनिफॉर्म शिवतो, शुक्रवारी दुपारी नमाजला जाताना दुकान अर्धं ओढून घेतो, आणि आतला पंखा मात्र चालूच ठेवतो. मी दीपनगरला वीज केंद्रात ऑपरेटर. मूळचा पिंपळनेरकडचा, नोकरीने इकडे आणून टाकलं. आमचं सूत जमलं ते फुटबॉलमुळे. मी रेफ्री आणि तो माझा लाईनमन. जिल्ह्यात कुठेही स्पर्धा असली की रविवारी सकाळी माझ्या मोटरसायकलवर आम्ही दोघं निघायचो. त्याच्या पिशवीत झेंडे असायचे, त्याने स्वतः शिवलेले, कडेला दुहेरी टीप मारलेली. दुसऱ्या बाजूला गावातलाच कुणीतरी झेंडा धरायचा, त्याच्यावर मला डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागायचं. मास्टरच्या बाजूची मला कधी काळजीच नव्हती. त्याचा झेंडा वर गेला की माझी शिट्टी वाजलीच. एवढा विश्वास मी बायकोवरही टाकलेला नाही, आणि हे तिला चांगलं ठाऊक आहे.

शिव्यांचं म्हणाल तर त्या असायच्याच. आमच्या आया-बहिणींना इकडच्या सगळ्या तालुक्यांत लोक ओळखतात. लाउडस्पीकरवर बसलेला निवेदक म्हणायचा, "लाईनमन साहेबांना चष्मा द्या रे कुणीतरी!" आणि मैदान खदखदून हसायचं. मास्टरच्या वाट्याला एक शिवी माझ्यापेक्षा जास्तीची यायची, त्याच्या नमाजाशी जोडलेली. ती मी इथे लिहिणार नाही. केळ्याच्या साली फेकायचे, पाण्याचे पाऊच फेकायचे. एकदा तर माझ्या गाडीच्या दोन्ही चाकांतली हवा सोडली होती आणि आम्ही गाडी ढकलत पंक्चरवाल्यापर्यंत गेलो होतो. मी सगळा रस्ता फणफणत होतो. मास्टर मागून गाडी लोटत म्हणाला, "भाऊ, त्यांच्या जागेवरून तसंच दिसलं असेल."

हे त्याचं ठरलेलं वाक्य. परत येताना तो मागे बसून मला प्रत्येक भांडण समजावून सांगायचा. ते लोक ट्रॉलीवर बसले होते, तिथून ऑफसाईड कळतच नाही. त्यांच्या डोळ्यांवर ऊन होतं. धूळ उडाली होती. बॉल रेषेबाहेर गेला की नाही हे रेषेत जो उभा असतो त्यालाच नक्की कळतं, बाकीच्यांना आपापल्या जागेवरून वेगळं दिसतं, म्हणून तर लाईनमन ठेवतात. लोक वाईट नाहीत, जागा वेगळी आहे, बस्स. मी म्हणायचो, तू शिंपी आहेस की त्यांचा वकील? पण खरं सांगतो, त्याच्या त्या बोलण्यामुळेच मी पुढच्या रविवारी परत जाऊ शकायचो.

ती फायनल रावेरकडच्या एका गावात होती. नाव घेत नाही, गाव चांगलं आहे, हीच तर पंचाईत आहे. केळीचं पीक काढून मोकळ्या झालेल्या शेतात मैदान केलं होतं, पांढऱ्या फक्कीने रेषा मारलेल्या. गोलच्या मागे लोक थेट रेषेला चिकटून बसले होते. कुणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, तर कुणी केळीचे प्लास्टिकचे क्रेट उलटे घालून. मी सामन्याआधी त्यांना मागे सरकवलं, ते हात जोडून मागे सरकले आणि मी पाठ फिरवली की पुन्हा पुढे आले.

गावाचा संघ एका गोलने मागे होता. शेवटची काही मिनिटं राहिली होती. त्यांचा एक पोरगा मास्टरच्या बाजूने बॉल घेऊन सुसाट सुटला, गोलच्या रेषेपर्यंत गेला आणि तिथून त्याने बॉल मागे ओढून दिला. मधल्या खेळाडूने तो जाळ्यात घातला. सगळा गाव उभा राहिला, डीजे सुरू झाला. आणि मी पाहिलं, तर मास्टरचा झेंडा वर होता. मागे ओढण्याआधी बॉल रेषेच्या बाहेर गेला होता. मी शिट्टी वाजवली आणि गोल रद्द केला.

ज्याने गोल मारला होता तो नाचत होता. त्याने झेंडा पाहिला, तसाच पळत मास्टरकडे गेला आणि पंजा उघडून त्याच्या कानाखाली एक वाजवली. मास्टर फक्कीवरच खाली बसला. झेंडा हातातच होता. मी लाल कार्ड काढलं, पण ते बघायला कोण थांबलंय? माणसं आत घुसली. माझा शर्ट फाटला, दोन-चार बुक्के मलाही बसले. शेवटी स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाच्या लोकांनीच आम्हाला केळीच्या एका ट्रकच्या केबिनमध्ये कोंबलं, माझी गाडी मागे चढवली आणि गावाबाहेर काढलं. ट्रक वळत असताना लाउडस्पीकरवर ऐकू आलं की दोन्ही संघांना विजयी घोषित करण्यात येत आहे. म्हणजे त्या एका थपडेवर अर्धा चषक मिळाला.

जळगावच्या डॉक्टरने सांगितलं की कानाचा पडदा फाटलाय. औषधं झाली, नंतर ऑपरेशन झालं, त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. पोलिसात जाऊ म्हटलं तर मास्टर हात जोडायला लागला. वर जिल्हा संघटनेला कळवलं, तर लेखी द्या म्हणाले. लेखी दिलं, ते अजून वाचताहेत. त्या थपडेचा व्हिडिओ मात्र गाणं लावून सगळीकडे फिरला, मास्टरच्या सुनेच्या मोबाईलवरसुद्धा आला. तिने तो घरात कुणाला दाखवला नाही, पण दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक माप द्यायच्या आधी त्याच्या कानाकडे बघायचं.

मास्टरने मैदानावर येणं बंद केलं. मी आठवड्याला दुकानात जाऊन बसायचो आणि त्याचा जीव खायचो. चल ना रे. तू नसलास तर मला कोण आहे? नवीन पोरं या कामाला फिरकत नाहीत, आणि का फिरकतील? गावातल्या पोरांच्या हातात झेंडा देऊन मी दोन-तीन सामने घेतले, ते मी सामने म्हणणार नाही. त्यात आमच्या वसाहतीतली स्पर्धा जवळ आली होती. मी त्याला स्पष्टच सांगितलं की तू आलास तर मी शिट्टी वाजवतो, नाहीतर ही शिट्टी मी नाल्यात टाकतो.

त्याने हातातली कॉलर बाजूला ठेवली. म्हणाला, "भाऊ, मार खाल्ल्याचं मला काही नाही. आता त्यांचा राग उतरला असेल. एकाला तरी वाटत असेल ना, की अरे, त्या माणसाच्या जागेवरून बॉल बाहेर गेलेला दिसला असेल. तेवढं एक जण म्हणू दे. माफी नको. फक्त बॉल बाहेर गेला होता, एवढंच. मी येतो."

एवढंच ना! मी दुसऱ्याच रविवारी गाडीला किक मारली. बायको दारात उभी राहून आमच्या अहिराणीत म्हणाली, "कसाले जातस तठे? परत मार खावाले?" मी म्हटलं, आज मी रेफ्री म्हणून जात नाहीये, आज मला कोणी हात लावणार नाही. ते खरं ठरलं.

थंडीचे दिवस होते. गावाबाहेर केळीच्या बागेत त्या मंडळाची भरीत-पार्टी चालली होती. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर वांगी भाजत होते, सगळीकडे तो खमंग धूर. मला बघून मंडळाचे अध्यक्ष, त्यांना सगळे नाना म्हणतात, दोन्ही हात पसरून पुढे आले. "या सर, या! पह्यले जेवा, मंग बोला." माझा नियम असा की सामन्याच्या गावात पाणीसुद्धा प्यायचं नाही. आपण घोटभर चहा घेतला तरी रेफ्री फोडला म्हणून बोंब होते. पण आज सामना नव्हता. केळीच्या पानावर भरीत आलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या आल्या. वाढायला कोण आलं, तर तोच. गोल मारणारा. त्याने आधी माझ्या पाया पडून घेतलं आणि मग वाढलं.

मी घास तसाच ठेवला. म्हटलं, "नाना, मी त्या फायनलचं विचारायला आलोय. रागावू नका. त्या दिवशी तो बॉल बाहेर गेला होता, की नाही?"

वाद घालायची माझी पूर्ण तयारी होती. रेषा कशी दिसते, कुठून काय दिसतं, सगळं घोकून गेलो होतो. जमिनीवर काडीने आखून दाखवणार होतो.

नाना म्हणाले, "गेल्ता ना. चांगला हातभर बाहीर गेल्ता. मी तठीच तं बसेल व्हतो क्रेटवर. माह्या पायाले लागीन म्हनून मी पाय मांगं घेतला."

बाजूचे दोघे-तिघे हसले. एक म्हणाला, "आमी बी पाह्यला भो. लाईनमनचा झेंडा एकदम बरोबर व्हता." दुसऱ्याने मान डोलावली. तिसरा म्हणाला, माणूस इमानदार आहे, मानलं पाहिजे.

मी त्या पोराकडे बघितलं. "आणि तू? तुला कधी कळलं?"

"मले?" त्याला प्रश्नच कळेना. "माह्याच समोरून गेला ना बाहीर. मीच तं मारला तो गोल, मले नाही मालूम?"

"मग मारलंस कशाला त्याला?"

त्याने भरिताचं भांडं खाली ठेवलं, डोकं खाजवलं. त्याला खरंच आठवून सांगायचं होतं, असं वाटलं. "फायनल व्हती सर. डोकं फिरलं. त्यानं झेंडा खालीच ठेवला असता तं काय बिघडलं असतं?"

नाना म्हणाले, "जाऊ द्या सर, पोरगं हाये. लाईनमनले कोन मारत नाही? ते काय मारनं झालं का? यंदाबी तुमी दोघंच या. तुमच्यासारखी मानसं आता भेटत नाहीत." आणि मला आणखी एक पुरी वाढायला लावली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, खोटं कशाला बोलू. पण गाडीवर बसलो, सावदा मागे पडलं, केळीचे ट्रक ओलांडत मी भुसावळच्या रस्त्याला लागलो आणि हळूहळू मला आनंद व्हायला लागला. अरे, मास्टरने काय मागितलं होतं? एकाने म्हणावं. मी तर अख्खं गाव घेऊन चाललो होतो! नानांनी पाय मागे घेतला होता, याहून मोठा पुरावा कोणता? मी घरी न जाता थेट दुकानावर गेलो.

या वेळी न विसरता उजव्या बाजूला बसलो. सगळं सांगितलं, नानांच्या आवाजात, नकला करत. मास्टर ऐकत होता. मशीन थांबलं होतं.

"नानांनी पाय मागे घेतला?" त्याने विचारलं.

"हो रे! स्वतःच्या तोंडाने म्हणाले."

"आणि तो पोरगा? त्यालाही दिसलं होतं? तेव्हाच?"

"तेव्हाच! सगळ्यांना दिसलं होतं मास्टर, एकूण एक माणसाला. आता तर येशील ना?"

मास्टरने सुईतून निघालेला दोरा पुन्हा ओवला. पहिल्या झटक्यात ओवला गेला नाही, दुसऱ्यांदा गेला. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, जरासुद्धा चढलेला नव्हता.

"सगळ्यांना दिसत होतं," तो म्हणाला, "तर मग मला तिथे कशाला उभं केलं होतं?"

त्याने पाय मारला आणि मशीन सुरू झालं. मी उजव्या बाजूलाच बसलो होतो. काही बोललो असतो तर त्याला ऐकू गेलं असतं.