ट्रंकेची दोरी

ही गोष्ट घरात कोणालाच ठाऊक नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण परवा लोकांनी पुन्हा माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या — आणि माझं डोकं फिरलं.

मला जुन्या जपानी घरगुती सिनेमांचं वेड आहे. खराब झालेली रिळं साफ करून त्यांच्या नव्या डिस्क निघतात, त्या मी बाहेरून मागवतो. भोपाळच्या आमच्या मराठी मंडळींना दाखवतो, त्यावर बोलतो. परवाही बोललो — म्हातारे आईबाप, त्यांचं मुकाट सोसणं, वगैरे. आवाज दाटून आला माझा. समोर बायका डोळे पुसत होत्या. ढोंगी लेकाचा! मी माझ्याबद्दलच बोलतोय.

आई गेल्यावर बाबा नागपूरहून भोपाळला, साकेत नगरच्या आमच्या घरी राहायला आले. त्यांची खाट पुढच्या खोलीत टाकली. टीव्ही, प्लेअर, माझं डिस्कचं कपाट — सगळं तिथेच. ते खोकायचे, मधेच रेडिओ लावायचे. बायकोची काही तक्रार नव्हती, ती त्यांच्यासाठी वेगळं बिनतिखटाचं करायची. मलाच माझी खोली परत हवी होती. कशासाठी? म्हाताऱ्या बापांवरचे सिनेमे निवांत बघायला! हसू येतंय? हसा.

बाबांना मोतीबिंदू होता. पडद्यावर सगळं धूसर दिसायचं, खालच्या इंग्रजी ओळी वाचता यायच्या नाहीत. तरी माझ्याशेजारी बसायची हौस. मी वाचून मराठीत सांगायचो, ते मान हलवायचे. पूर्ण विश्वास.

एका सिनेमात मुलाच्या घरी आपली अडचण होतेय असं वाटून म्हातारा बाप गावी परत निघतो. ट्रंक दोरीने बांधून पडवीत बसतो. मुलगा येतो, खाली वाकतो आणि दोरी सोडायला लागतो. मग म्हणतो, बाबा, हे घर तुमचंच आहे.

"काय करून राहिला तो?" बाबांनी विचारलं.

मी म्हणालो — दोरी घट्ट बांधून देतोय.

हो. असंच म्हणालो. जीभ अडखळलीसुद्धा नाही. पुढच्या ओळीही मीच रचल्या — म्हातारा म्हणतो, मला माझ्या पायांवर उभं राहू दे, आणि मुलाला त्याचा अभिमान वाटतो.

"मानी आहे बुढा," बाबा म्हणाले.

भोपाळच्या पार टोकाला, मिसरोदला आमचा एक फ्लॅट रिकामा होता. आठवड्याच्या आत बाबा तिकडे राहायला गेले. अगदी स्वतःहून, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो. त्यांचं सामान मीच बांधून दिलं.

पुढे त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. नंतर एकदा तपासणीसाठी ते साकेत नगरला आले आणि दिवसभर आमच्याकडे थांबले. आम्ही दोघं ऑफिसात. संध्याकाळी घरी आलो, तर बाबा चपला घालून खुर्चीत बसलेले. टीव्हीसमोर त्याच सिनेमाची डबी उघडी पडलेली.

"फार साफ केली रे प्रिंट," ते म्हणाले. "दोरीचा पीळ न् पीळ दिसते."

मी काय केलं? पाय धरले? नाही. चहा घेता का, असं विचारलं. ते नको म्हणाले. मी त्यांना मिसरोदच्या बसमध्ये बसवून दिलं. थांबा — एवढा एक शब्द तेव्हाही तोंडातून निघाला नाही.

ते तिथे एकटेच राहिले आणि तिथेच गेले. तो विषय त्यांनी कधी काढला नाही. एक थोबाडीत तरी ठेवून द्यायची! नाही दिली — आणि बघा, त्याचाही राग मला अजून त्यांच्यावरच येतो.

परवा दाखवला, तो हाच सिनेमा. मुलगा खाली वाकला, तेव्हा मागून कोणीतरी विचारलं, तो काय करतोय. मी सांगितलं, दोरी सोडतोय.