तिसऱ्या दिवशी मामा आला

आईची एकच मागणी होती. "सगळी राख नदीत घालू नका. मूठभर माझ्या माहेरी न्या, भावाच्या रानात घाला." मी म्हणायचे, "काय अभद्र बोलतीस गं!" ती नुसती हसायची. आटपाडीकडच्या कोरड्या रानातून कृष्णाकाठच्या उसात ती नांदायला आली. सारा जन्म इथं गेला, तरी 'आमच्याकडं' म्हणाली की ते माहेरच समजायचं.

गेल्या उन्हाळ्यात सांगलीच्या दवाखान्यात ती गेली. धाकटा भाऊ पुण्याहून आला तो घाईतच. "ताई, इथंच गॅसदाहिनीत उरकू. रक्षा आजच्या आज हातात मिळते." मी भडकलेच. "आईचं काय पार्सल करतोस व्हय रं?" शेवटी गाडी करून तिला गावी आणलं. लाकडं, शेणी, भावकी, सगळं रीतीनं झालं. मामाही वेळेत पोचला. चितेसमोर त्यानं माझ्या भावाला सांगितलं, "घरी जनावरं उपाशी हायत. जातो, आन् तिसऱ्या दिवशी मडकं घिऊन येतो. आक्काची मूठभर माझ्यासाठी ठिवा." भावानं मान हलवली.

त्या मान हलवण्यात किती दम होता, ते दिवस मावळायच्या आत कळलं. त्याला रजा नव्हती. पाहुण्यांनाही पुन्हा हेलपाटा नको होता. ठरलं, रक्षा उद्याच. हल्ली बऱ्याच घरांत असंच करतात, म्हणून कुणाला वावगं वाटलं नाही. मोबाईलवर स्टेटस पडलं, आईच्या फोटोखाली 'रक्षाविसर्जन उद्या सकाळी'. साऱ्या जगाला कळलं. मामाकडं बटणांचा फोन, आणि तोही बंद. मी लावून लावून थकले. "मामाचं काय?" म्हणून भांडले, तर भाऊ म्हणाला, "काढून ठेवू की बाजूला. एवढं काय त्यात!"

सकाळी बघते तर राख निवलीच नव्हती. पाणी मारलं, वाफ उठली. माणसांनी पाट्या भरल्या आणि नदीची वाट धरली. मी वाकून एक मूठ उचलली. आत निखारा होता. असा चटका बसला की हात आपसूक उघडला. आईची राख, आणि मी चटक्याला भ्याले! तळहात फुंकेपर्यंत कुणीतरी उरलेलं सगळं घमेल्यात ओढलं, जागा खराट्यानं लोटली, वर घागर ओतली. मी नदीकडं पळाले. भावाला विचारलं, "बाजूला काढलीस का?"

"मला वाटलं, तू काढलीस."

जळो मेलं ते वाटणं! पाट्या तोवर पाण्यात विसळून झाल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी मामा तासगावात एसटी बदलून आला. हातात कोरं मडकं, त्याच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं. भाऊ कधीच पुण्याला पोचला होता, त्यामुळं सांगायचं माझ्यावरच आलं. सांगितलं. वाटलं, आता शिव्या घालेल. घालाव्यात असंच मला वाटत होतं. तो नुसता ओसरीवर टेकला. चहा नको म्हणाला. मी रडतच म्हटलं, "मामा, लय चुकलं आमचं."

"चुकलं तर चुकलं, पोरी. आता काय करतीस?" तो म्हणाला, आणि बराच वेळ फडक्याची गाठ चाचपत राहिला. मग म्हणाला, "बोरीखाली खड्डा काढून आलोय गं. त्यो आता कशानं बुजवू?"